शिक्षणाचा रकाना

स्वागताध्यक्षाने गावाची थोरवी सांगावी आणि पाहुण्यांना जेवणासाठी ताटकळत ठेवू नये, असा रिवाज आहे. भगवंताचं मंदिर आणि इथली बाजारपेठ तुम्ही संध्याकाळी पाहालच. शिक्षण आणि स्तनाचा कर्करोग या आजच्या विषयासाठी बार्शीचं महत्त्व वेगळं आहे. १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी इथे सुरू झाली. बार्शी, परंडा आणि भूम तालुक्यांतल्या गावांत नोंदणीचे कार्यकर्ते स्वतः जात, लोकांना एकत्र बसवून लक्षणं समजावून सांगत आणि रुग्ण शोधून काढत. दवाखान्यात येईल त्याचीच नोंद, अशी पद्धत असती तर इथल्या आकड्यांवर विश्वास ठेवणं अवघड झालं असतं.

त्या आकड्यांनी एक कोडं आपल्यापुढे ठेवलं. मुंबईची नोंदणी १९६३ पासूनची. दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या, तर स्तनाच्या कर्करोगाचं मुंबईतलं प्रमाण बार्शीच्या दुपटीहून जास्त भरतं. मुंबईत पारशी महिलांमध्ये ते आणखी वरचं. म्हणजे जिथे शाळा-कॉलेजं जास्त, मुलींचं शिक्षण आधी सुरू झालं, तिथे हा आजार जास्त. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचं नेमकं उलट आहे. तो कमी शिकलेल्या, लवकर लग्न झालेल्या बाईला अधिक गाठतो. शिक्षणाच्या एकाच रकान्यात दोन आजार विरुद्ध दिशांना जातात, तेव्हा तो रकाना स्वतः काही करत नसून दुसऱ्याच कशाची तरी खूण आहे, असा संशय घ्यायला जागा आहे.

ती खूण कशाची, हे बऱ्यापैकी उलगडलेलं आहे. इटलीतल्या रामाझ्झिनी या वैद्याने अठराव्या शतकाच्या सुरुवातीलाच लिहून ठेवलं होतं की मठातल्या जोगिणींना स्तनाचा कर्करोग फार होतो. १९२६ मध्ये ब्रिटनमध्ये जॅनेट लेन-क्लेपॉन यांनी सुमारे ५०० रुग्ण आणि तितक्याच निरोगी स्त्रिया यांची तुलना केली आणि उशिरा लग्न, कमी मुलं यांच्याशी धागा जोडला. १९७० मध्ये मॅकमहोन आणि सहकाऱ्यांनी जगातल्या सात ठिकाणांची माहिती मांडली: अठरा वर्षांच्या आत पहिलं बाळंतपण झालेल्या बाईचा धोका पस्तिशीनंतर पहिलटकरीण झालेल्या बाईच्या साधारण एक तृतीयांश. पुढे २००२ मध्ये ३० देशांतल्या ४७ अभ्यासांचा एकत्र हिशेब झाला. त्यात प्रत्येक बाळंतपणामागे धोका सुमारे ७ टक्क्यांनी आणि अंगावर पाजलेल्या दर वर्षामागे आणखी ४.३ टक्क्यांनी कमी होतो, असं दिसलं. आता आपल्याकडचं पाहा. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत शाळेत न गेलेल्या बाईला सरासरी २.८ मुलं, तर बारावी आणि पुढे शिकलेलीला १.८. शिक्षणाने लग्न पुढे जातं, पाळणा लांबतो, नोकरीवर परतताना बाळाचं दूध लवकर तुटतं. नॉर्वे आणि स्वीडनमधल्या एका मोठ्या अभ्यासात सर्वाधिक शिकलेल्या स्त्रियांचा धोका सर्वांत कमी शिकलेल्यांपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने जास्त निघाला होता. बाळंतपणासारख्या गोष्टी हिशेबात धरल्यावर तो फरक जवळजवळ उरलाच नाही.

यावर एक आक्षेप ठरलेला आहे. शिकलेली बाई तपासणीला जाते म्हणून तिचा आजार सापडतो. अडाणी बाईचा सापडतच नाही, एवढंच. आक्षेपात तथ्य आहे, पण तो पुरत नाही. रामाझ्झिनीच्या काळात मॅमोग्राफी नव्हती, लेन-क्लेपॉनच्याही नव्हती. केवळ तपासण्यांचा हा खेळ असता तर मृत्यूंमध्ये तो दिसला नसता. युरोपात मात्र १९९०च्या दशकात बऱ्याच देशांत उच्चशिक्षित स्त्रियांमध्ये या आजाराने होणारे मृत्यूही जास्त होते. आणि बार्शीपुरतं बोलायचं तर रुग्ण शोधायला माणसं गावापर्यंत गेली होती.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे, आणि तो बहुधा या सभागृहाबाहेरून येईल: मग मुलींना शिकवूच नये का, लवकर उजवून टाकावं का? शिकलेल्या बायकोमुळे नवरा मरतो असं सांगणारे एकोणिसाव्या शतकात आपल्याकडे होतेच. त्यांच्या वारसांच्या हाती आपण तक्ते देता कामा नये. अठराव्या वर्षाच्या आतल्या बाळंतपणाने आईच्या जिवाला, बाळाच्या वजनाला आणि पुढे गर्भाशयमुखाला जी किंमत मोजावी लागते, ती या वजाबाकीत धरली की हिशेब आतबट्ट्याचा ठरतो. शिवाय धोका जास्त म्हणजे मरण जास्त, हे समीकरणच आपल्याकडे चुकतं.

इथेच माझा मुख्य मुद्दा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार सर्वांत विकसित देशांत दर १२ स्त्रियांत एकीला आयुष्यात हा आजार होतो आणि ७१ मध्ये एक दगावते. सर्वांत मागे असलेल्या देशांत तो २७ मध्ये एकीलाच होतो, पण ४८ मध्ये एक दगावते. देशांचा हिशेब माणसांना जसाच्या तसा लावता येत नाही, हे मान्य. पण मागे असलेले देश असोत वा कमी शिकलेली बाई, कारण ओळखीचं आहे: उशीर. गाठ दुखत नाही. दुखत नाही म्हणून ती पदराआड राहते. सासूला सांगायची लाज, तालुक्याच्या गाडीभाड्याची अडचण, सुगीचे दिवस. गाठीवरची कातडी संत्र्याच्या सालीसारखी दिसू लागते तेव्हा कुठे बाई डॉक्टरांसमोर बसते. भारतात २०२२ मध्ये सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आणि ९८ हजार मृत्यू झाल्याचा अंदाज आहे. मृत्यूंचं एवढं मोठं प्रमाण बऱ्याच अंशी उशिरामुळे पडतं.

उशीर मोडायला पदवी लागत नाही, याचा पुरावा मुंबईतच आहे. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ मध्ये वस्त्यांमधल्या ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख महिलांना घेऊन चाचणी सुरू केली. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने स्तनांची तपासणी करत. त्या डॉक्टर नव्हत्या, हाती यंत्र नव्हतं. त्या वस्त्यांत आजार लवकरच्या टप्प्यावर सापडू लागला आणि पन्नाशीच्या पुढच्या महिलांत मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आत तसा फायदा दिसला नाही, हेही सांगायला हवं. तरुण वयातल्या रुग्णांचं काय करायचं हा प्रश्न त्या चाचणीने सोडवलेला नाही.

म्हणून शोधनिबंध वाचणाऱ्यांना यजमान म्हणून एक विनंती. शिक्षणाचा रकाना तुम्ही भरालच. त्याच्या शेजारी आणखी दोन रकाने ठेवा: गाठ पहिल्यांदा हाताला लागल्यापासून डॉक्टरांपर्यंत पोहोचायला किती महिने लागले, आणि मधल्या काळात तिने ती कुणाला सांगितली. दुपारच्या सत्रात गावोगावहून आलेल्या आशाताई बोलणार आहेत. त्यांची वेळ कृपया कापू नका. अध्यक्षांनी आता सूत्रं हाती घ्यावीत.