छपराचं पाणी किती दिवसांचं?



मे महिन्यात रत्नागिरीच्या वाड्यावस्त्यांवर टँकर फिरू लागले, की घाटावरचे पाहुणे हमखास विचारतात, 'अहो, तुमच्याकडे एवढा धो धो पाऊस, मग पाणी जातं कुठे?' प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी थोडं गणित करावं लागतं, पण ते पाचवीतल्या पोरालाही जमेल. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, की एक लिटर पाणी होतं. बस्स, एवढंच.

आता 50 चौरस मीटरचं छप्पर धरा. कोकणात वर्षाला 3000 मिलिमीटर पाऊस सहज पडतो. सांडलेलं, उडालेलं, कौलांनी पिऊन टाकलेलं वजा जाता 80 टक्के हाती लागलं, तरी 1,20,000 लिटर होतात. जलजीवन मिशनने खेड्यांसाठी माणशी रोजचे 55 लिटर धरले आहेत. त्या हिशेबाने पाच माणसांच्या घराला वर्षाला लाखभर लिटर लागतात. म्हणजे पुरून उरलं की!

उरलं, पण कागदावर. पाऊस जून ते सप्टेंबर पडणार आणि आपल्याला तहान मात्र बाराही महिने लागणार. ऑक्टोबर ते मे हे सुमारे 240 दिवस काढायचे, तर 66,000 लिटर साठवून ठेवायला हवेत. त्याला पाच मीटर लांब, साडेचार मीटर रुंद आणि तीन मीटर खोल टाकी लागते. अर्ध्या घराएवढी जागा झाली ही! ती खोदायची कुठे, आणि पैसा कुणाचा? जांभ्याची जमीनही पाणी धरून ठेवत नाही. जुलैत काठोकाठ असलेली विहीर एप्रिलात तळ दाखवते. कोकणातला माणूस पावसाळ्याची बेगमी करण्यात पटाईत. लाकूडफाटा, सुकी मासळी, आमसुलं, सगळं मे अखेर घरात. इथे तीच बेगमी उलटी करायची आहे, आणि ती दुप्पट महिन्यांची आहे.

चेरापुंजीचंही हेच. वर्षाला 11,000 मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि हिवाळ्यात बायकांची झऱ्यापर्यंत पायपीट.

याउलट अटलांटिक महासागरातलं बर्म्युडा बेट घ्या. तिथे नदी नाही, तळं म्हणावं असं गोड्या पाण्याचं काही नाही. पाऊस साधारण 1400 मिलिमीटर, कोकणाच्या निम्माही नाही. तरी तिथली घरं पिढ्यान्‌पिढ्या छपराच्या पाण्यावर राहिली. छपरं पायऱ्यापायऱ्यांची, चुन्याने पांढरी केलेली. टाकी घराच्या पोटात. आणि ती बांधणं कायद्यानेच सक्तीचं. खरी मेहेरबानी मात्र त्या पावसाची. तो बाराही महिन्यांत वाटून पडतो, त्यामुळे टाकी रिकामी व्हायच्या आत पुन्हा भरते. अर्थात वस्ती आणि पर्यटक वाढल्यावर त्यांनाही समुद्राचं पाणी गोडं करणारे कारखाने उभारावे लागलेच. तेव्हा पाऊस किती पडतो हे नंतर विचारा. सलग कोरडे दिवस किती, हे आधी मोजा.

मग आपल्या माणदेशाने काय करावं? तिथे 500 मिलिमीटर धरले, तर त्याच छपरावरून 20,000 लिटर मिळतात. सगळ्या वापराला ते जेमतेम अडीच महिने पुरतील. पण माणशी पाच लिटर, म्हणजे फक्त पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी धरा. पाच माणसांना वर्षाला 9,125 लिटर पुरतात. पाऊस निम्मा झाला तरी 10,000 लिटर येतात! माझ्या मते छपराच्या पाण्याचं खरं काम हे आहे. धुण्याभांड्याचं, जनावरांचं पाणी विहिरीचं असू द्या. हंड्याभर गोड्या पाण्यासाठीची वणवण थांबते, हे काय थोडं झालं?

एक पथ्य मात्र पाळायचं. पहिल्या पावसाचं पाणी टाकीत घ्यायचं नाही. पन्हळीतून ते अक्षरशः चहाच्या रंगाचं येतं. त्यात धूळ, पाचोळा, कावळ्यांची शीट, सगळं असतं. खालच्या नळाला वळणाची चावी बसवा आणि एकदोन सरी बाहेर सोडून द्या. टाकीच्या तोंडाला बारीक जाळी हवी आणि झाकण घट्ट, नाहीतर डास आलेच. पिताना उकळून घ्या. चव थोडी मिळमिळीत लागेल, सवय होते.

जैसलमेरकडे छप्परही पुरत नाही. 200 मिलिमीटरच्या आत पाऊस. तिथल्या लोकांनी जमिनीलाच छप्पर केलं. टांक्याभोवती, म्हणजे जमिनीतल्या टाकीभोवती, मोठं गोल अंगण चोपून, उतार देऊन आतल्या बाजूला वळवायचं. त्याला आगोर म्हणतात. त्यावर चपला घालून कुणी जात नाही, गुरं फिरकू देत नाहीत. पाऊस कमी, तर पाणलोट मोठा, असा सरळ हिशेब.

राहिली शहरं. पुण्यात 300 चौरस मीटरची गच्ची आणि खाली वीस बिऱ्हाडं. 700 मिलिमीटर पावसात प्रत्येकाच्या वाट्याला 8,400 लिटर. शहरी मापाने, माणशी 135 लिटरने, चौघांच्या घराला ते पंधरा दिवस पुरतील. त्यासाठी वर्षभराची टाकी बांधण्यात अर्थ नाही. गच्चीचं पाणी गाळून बोअरवेलशेजारच्या शोषखड्ड्यात सोडलेलं बरं. मात्र ते आपल्याच बोअरला लागेल याची हमी कुणी देऊ नये. भूजलाला सोसायटीची कुंपणभिंत कळत नाही. शेजारच्यांनी एक पैसा न घालता उपसलं, तर त्याला इलाज नाही.