रात्रीच्या गाडीचा फोटोग्राफर
(गणेशोत्सवात ‘माझा छंद’ या कार्यक्रमात केलेले भाषण)



मी डिप्लोमा केलेला माणूस, भाषणाची सवय नाही. डिझेल शेडमध्ये इंजिन चालू असताना ओरडून बोलायची मात्र आहे, तेव्हा मागे बसलेल्यांनी काळजी करू नये.

फोटो काढायचा मला नाद आहे हे आपल्या इटारसीत बहुतेकांना ठाऊक आहे. पण आज माझ्याबद्दल थोडं आणि विन्स्टन लिंक या अमेरिकन फोटोग्राफरबद्दल जास्त बोलणार आहे. १९१४ साली ब्रुकलिनमध्ये जन्मलेला हा माणूस मुळात सिव्हिल इंजिनिअर, म्हणजे आपल्याच बिरादरीतला! महायुद्धानंतर कुणाची नोकरी न धरता त्यांनी न्यूयॉर्कमध्ये स्वतंत्रपणे जाहिरातींचे फोटो काढण्याचा व्यवसाय केला. जानेवारी १९५५ मध्ये अशाच एका कामासाठी ते व्हर्जिनियात गेले होते. जवळच्या वेन्सबरो स्टेशनवर नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेची वाफेची इंजिनं त्यांनी पाहिली. बाकीच्या मोठ्या रेल्वे तेव्हा डिझेलकडे वळल्या होत्या. हेही फार दिवस टिकणार नाही, हे त्यांनी ओळखलं.

तेव्हा ते चाळीस वर्षांचे होते. रेल्वेने परवानगी दिली, पण पैसे नाही. पुढची पाच वर्षं, वाफ संपेपर्यंत, पदरमोड करून ते जात राहिले. सुमारे २,४०० निगेटिव्ह जमल्या.

बहुतेक गाजलेले फोटो रात्रीचे आहेत. का? त्यांचा हिशेब अगदी इंजिनिअरचा होता. सूर्य आपल्या सोयीने हलवता येत नाही, रूळही हलवता येत नाहीत. मग उजेडच आपला न्यावा. रात्री काळ्या आकाशावर पांढरी वाफ जशी उठून दिसते तशी दिवसा दिसत नाही. त्यासाठी रुळाच्या कडेने फ्लॅशचे बल्ब लावायचे, वायर ओढायची, सगळं तपासायचं आणि गाडीची वाट बघायची. ते बल्ब एकदाच पेटत. गाडी आली आणि एखादी जोडणी सैल निघाली, तर रात्र फुकट. होम सिग्नलजवळ अंधारात फॉल्ट शोधलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

ऑगस्ट १९५६ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या येगर गावी त्यांनी ४३ बल्ब वापरून एक फोटो काढला. उघड्या मैदानात लोक मोटारीत बसून सिनेमा बघताहेत, पडद्यावर विमान, आणि मागून मालगाडी जाते आहे. फ्लॅशच्या उजेडात पडदा पांढरा पडला, म्हणून विमानाचं चित्र त्यांनी नंतर दुसऱ्या निगेटिव्हवरून बसवलं. याला कुणी लबाडी म्हणतात. मला तसं वाटत नाही. विमान पडद्यावर होतंच, फक्त फिल्मवर उतरलं नव्हतं.

पण मला त्यांची माणसं जास्त आवडतात. बैठकीच्या खोलीतलं कुटुंब आणि खिडकीतून जाणारी गाडी. पुलाखाली ओढ्यात डुंबणारी पोरं. रोआनोकच्या शेडमध्ये इंजिन धुणारे कामगार. त्या गावच्या जुन्या स्टेशनातच २००४ साली लिंक यांचं संग्रहालय उघडलं. ते स्वतः २००१ मध्ये गेले.

आता माझी गोष्ट. आमच्या शेडमधून अल्को इंजिनं एकेक करून जाऊ लागली, तेव्हा मी हौसेने फोटो काढले. हार घातलेली, रंगवलेली, नंबर प्लेटचे जवळून. साठ-सत्तर तरी असतील. आमचे एक जुने फिटर होते, सगळे त्यांना मिस्त्रीजी म्हणत. नोझल हाताला लागताच दोष सांगत. रिटायर झाले आणि वर्षाच्या आत वारले. त्यांचा मुलगा माझ्याकडे आला. म्हणाला, “साहब, पापा का काम करते हुए कोई फोटो होगा?”

रात्री बसून सगळे फोटो पाहिले. निरोपाच्या ग्रुप फोटोत ते मागच्या रांगेत, अर्धे कुणाच्या तरी खांद्याआड. आणखी एकात पिटमधून वर आलेला हात आणि त्यात टॉर्च. घड्याळावरून ओळखले. एवढंच.

मी तोच हाताचा फोटो मोठा करून दिला. मुलाने बराच वेळ पाहिला आणि म्हणाला, “हाँ, यही है.”

तेव्हापासून परवानगी काढून, ड्युटी संपल्यावर, मी माणसांचे फोटो काढतो. आतापर्यंत एकोणतीस झाले. यादीतले अकरा जण पुढच्या वर्षापर्यंत रिटायर होतील. त्यातले चार इथेच बसलेत. आरतीनंतर पळून जाऊ नका, कॅमेरा आणला आहे.