घड्याळ बदला, ओझं वाढवू नका



यूजीसीने २०२४ साली वेगवान पदवीला मान्यता दिली. तीन वर्षांची पदवी पाच सत्रांत. श्रेयांक मात्र तेवढेच. म्हणजे दर आठवड्याला जास्त तास. इथे तांबरमच्या मेप्झ निर्यात क्षेत्रात शिफ्ट करून शिकणाऱ्या मुलीने ते तास आणायचे कुठून? झोपेतून, नाहीतर पगारातून. ज्याचं घर दुसरं कुणी चालवतं त्याला ही सवलत. जी स्वतः घर चालवते तिच्यासाठी ही दारावरची नवी कडी.

आपली वाट वेगळी आहे. जोतीराव-सावित्रीबाईंनी १८५५ मध्ये शेतकरी-कामगारांसाठी रात्रशाळा काढली. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज उघडलं, तेव्हा नोकरदारांना शिकता यावं म्हणून वर्ग सकाळी भरवले. अभ्यास आवळला नाही, घड्याळ बदललं.

समाजशास्त्राची संशोधक म्हणून मी एवढंच म्हणेन: मोकळा वेळही जातीनुसार वाटला गेलाय. म्हणून मागणी साधी आहे. तोच तास सकाळी आणि संध्याकाळी, दोन्ही वेळा घ्या. कुणाला पदवीला पाच वर्षं लागली, तरी तिची शिष्यवृत्ती तोडू नका.