पट्टी आपली धरा



मी घाटकोपरहून बोलतेय. आज गाण्याबद्दल बोलायचंय. एकटीच्या नव्हे, दहा-बारा जणींनी मिळून गायच्या गाण्याबद्दल.

माझे वडील मूळचे कोकणातले, परळला गिरणीत कामाला होते. दर शनिवारी रात्री चाळीत भजन असायचं. पेटीवर बुवा, शेजारी पखवाज आणि मागे टाळ-झांजा घेतलेले कामगार. बुवा ओळ गायचे, मागचे ती उचलायचे. आम्ही बायका दाराआड. चहाची किटली आत सरकवायची, एवढंच आमचं काम.

१८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. पगार थांबला. आई खानावळीला पोळ्या लाटून द्यायला लागली. वडिलांनी शनिवारचं भजन मात्र सोडलं नाही. आई एकदा चिडून म्हणाली, "टाळ कुटून पोट भरतं का?" वडील म्हणाले, "पोट नाही भरत. पण कोण उपाशी आहे ते तिथं कळतं." खरंच, जो भजनाला आला नाही त्याच्या दारी दुसऱ्या दिवशी कुणीतरी जायचंच.

हे सगळं आठवायला एक निमित्त झालं. माझा भाचा ब्रिटनमध्ये असतो. त्यानं वेल्समधल्या पुरुषांच्या गायक मंडळाचा व्हिडिओ पाठवला. वेल्स म्हणजे ब्रिटनच्या पश्चिमेचा डोंगराळ भाग. तिथं कोळशाच्या खाणी होत्या. दिवसभर खाणीत राबलेले पुरुष संध्याकाळी जमून गायचे. आवाजाचे चार भाग, दोन वरचे आणि दोन खालचे. आपल्या सारेगमसारखी डो-रे-मीची अक्षरं लिहून साधी कष्टकरी माणसं चाली शिकायची.

पॉल रोबसन हा अमेरिकेतला मोठा कृष्णवर्णीय गायक. तिथल्या सरकारनं त्याचा पासपोर्ट काढून घेतला होता. १९५७ साली तो अमेरिकेत बसून टेलिफोनच्या तारेवरून वेल्सच्या खाणकामगारांच्या मेळाव्यात गायला, आणि इकडच्या मंडळानं त्याच तारेवरून गाऊन त्याला साथ दिली. पुढे १९८४-८५ मध्ये तिथंही वर्षभर संप झाला. मग एकेक खाण बंद पडली. गाणारी मंडळं अजून आहेत. व्हिडिओतले ते पिकल्या केसांचे गायक बघितले आणि मला चाळीतला शनिवार आठवला.

वडील गेल्यावर आम्ही बारा जणींनी महिला भजनी मंडळ काढलं. पेटी वडिलांच्या मंडळाचीच. सहा महिने झाले तरी आवाज काही उठेना. एकजण म्हणाली, "बायकांचा आवाजच नाजूक, भजनाला पुरत नाही." आम्हाला ते पटलंही होतं! मग एक पेटीवाल्या बाई आल्या. दोन ओळी ऐकून म्हणाल्या, "अहो, तुम्ही पुरुषांच्या पट्टीत गाताय." वडिलांच्या मंडळाची काळी एक, तीच आम्ही धरून बसलो होतो. बाईंनी काळी चार दिली. त्या दिवशी आमचा आवाज तीन मजले ऐकू गेला. खोट आवाजात नव्हती, पट्टीत होती.

तुमच्या गावात मंडळ काढायचं असेल तर तीन गोष्टी लक्षात ठेवा. पट्टी ठरवताना अभंगातली सगळ्यात उंच ओळ आधी म्हणून बघा. ती सगळ्यांना झेपली की पट्टी बरोबर. दुसरं, शेजारणीचा आवाज ऐकू येत नसेल तर आपला थोडा कमी करा. आणि लांब सुराला सगळ्यांनी एकदम श्वास घेऊ नका. आळीपाळीनं घेतला की सूर तुटत नाही. एकीचा दम संपतो तेव्हा दुसरी सूर धरून असते.

गेल्या श्रावणात आमच्यातली एक दोन मंगळवार नुसते ओठ हलवत होती. शेजारी बसणारीच्या ते ध्यानात आलं. भजन संपल्यावर आम्ही दोघी-तिघी थांबलो. तिच्या नवऱ्याचं काम सुटलं होतं आणि तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. पुढचे दोन महिने तिच्या घरचा किराणा आम्ही वाटून घेतला.

बचत गटात हप्ता थकला की वहीत दिसतो. मनातलं दुखणं वहीत दिसत नाही. ते कळायला शेजारणीचा आवाज ओळखीचा असावा लागतो.

या आठवड्यात गटाची बैठक झाली की लगेच उठू नका. एक अभंग म्हणा. आणि पट्टी आपली धरा.

रामकृष्ण हरी!