जुना पीसी: दुरुस्त करायचा की नवा घ्यायचा?

मागच्या महिन्यात श्रीरामपूरहून काकांचा फोन आला. "अरे, दुकानातला कॉम्प्युटर लई दमलाय. लग्नसराई तोंडावर आलीय. नवा कुठला घेऊ, सांग."

काकांचं डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, फ्लेक्स, बिलबुकं. मशीन २०१४ चं. चौथ्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. मी पुण्यात बसून, न बघताच सांगून टाकलं, "काका, भंगारात द्या तो." नव्याचं कोटेशन आलं ३६ हजारांचं. काका गप्प झाले. तेव्हा मला जरा लाज वाटली.

शनिवारी घरी गेलो. पीसी सुरू व्हायला सहा मिनिटं! टास्क मॅनेजर उघडला. प्रोसेसर निवांत, डिस्क मात्र सतत १०० टक्के. म्हणजे दुखणं डिस्कचं होतं आणि आपण अख्खं मशीनच बदलायला निघालो होतो. डिस्कची तपासणी केली, तर खराब सेक्टर वाढत चाललेले.

इथे पहिला नियम, मंडळी: दुरुस्ती असो की खरेदी, आधी बॅकअप. अकरा वर्षांच्या पत्रिका होत्या त्यात. रात्रभर कॉपी केल्या. २०१६ चं फोल्डर अर्धंच आलं. त्यातच ताईच्या लग्नाची पत्रिका होती. छापील प्रत आईच्या कपाटात आहे, म्हणून निभावलं.

दुसरी गोष्ट, काम काय आहे ते बघा. काका अजून पेजमेकर ७ वापरतात, २००१ सालचा. अक्षरं जुन्या फॉन्टमधली, युनिकोड नाही. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर फाइल उघडली की 'शुभविवाह'च्या जागी भलतीच इंग्रजी अक्षरं दिसतात. नव्या पीसीवर हे सगळं नीट चालेल याची खात्री नव्हती, आणि सीझनमध्ये प्रयोग परवडत नाहीत.

मग काय केलं? जुनी डिस्क जशीच्या तशी एसएसडीवर उतरवली. रॅमची दुसरी जागा रिकामी होती, तिथे ४ जीबीची जुनी डीडीआर-थ्री पट्टी बसवली. फॅनमधली धूळ काढली. बोर्डवरचा सीआर २०३२ सेल बदलला. तो संपला की पीसी तारीख विसरतो, आणि तारीख चुकली की कित्येक वेबसाइट उघडतच नाहीत. खर्च ४,८०० रुपये. आता पीसी पाऊण मिनिटात तयार.

पण थांबा, गोष्ट इथे संपत नाही. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं, आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. काकांचं मशीन त्यात बसत नाही. घरच्या वापरासाठी नाव नोंदवलं तर सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, पण पुढे काय? म्हणून मी नेटची वायरच काढली. गिऱ्हाइकाचा मजकूर मोबाइलवर येतो, केबलने पीसीत जातो. बँकेचं काम त्या पीसीवर अजिबात नाही. काका कुरकुरले, पण पटलं त्यांना.

नवा कधी घ्यायचा? मदरबोर्ड गेला तर. कामच बदललं, समजा व्हिडिओ एडिटिंग सुरू केलं तर. बँकिंग आणि फॉर्म भरणं त्याच मशीनवर करायचं असेल तर. किंवा दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्यावर गेला तर. हा शेवटचा आकडा माझा अंदाज आहे, शास्त्र नाही.

काका आता दर महिन्याला थोडे पैसे बाजूला टाकतात. नवा घ्यायचाच आहे, पण घाईत नाही.

तुमच्या घरातला पीसी दमला असेल, तर आज एवढंच करा: पेनड्राइव्ह लावा आणि फोटो कॉपी करा. बाकीचं नंतर ठरवू. भेटूया पुढच्या भागात!