चाळणी की मिक्सर? हॅकनीतल्या एका शाळेची गोष्ट

आज आपण जातोय पूर्व लंडनमध्ये, हॅकनीला. तिथे एक तिकोनी जागा आहे. दोन बाजूंना रेल्वेचे रूळ आणि तिसरीकडे मोठं हिरवं मैदान. या जागेवर आधी एक शाळा होती, जिला पेपरवाल्यांनी ‘ब्रिटनमधली सगळ्यात वाईट शाळा’ ठरवलं होतं. आज तिथेच अशी शाळा आहे, जिचं नाव ब्रिटनच्या पंतप्रधानांनी कौतुकाने घेतलं. जागा तीच, वस्ती बरीचशी तीच. मग बदललं काय?

त्याआधी थोडा इतिहास. १९४४ च्या कायद्यानंतर इंग्लंडमध्ये मुलं अकरा वर्षांची झाली की ‘इलेव्हन प्लस’ परीक्षा द्यायची. पास झालात तर ग्रामर स्कूल, नाहीतर बहुतेकांच्या नशिबी सेकंडरी मॉडर्न. म्हणजे पुढचा रस्ता अकराव्या वर्षीच ठरला! याला विरोध वाढत गेला. १९६५ मध्ये शिक्षणमंत्री अँथनी क्रॉसलंड यांनी परिपत्रक काढून स्थानिक प्रशासनांना सांगितलं की परीक्षेची चाळणी काढण्याच्या योजना करा. सगळ्या मुलांसाठी एकच शाळा. हीच ती कॉम्प्रिहेन्सिव्ह स्कूल.

आपली पहिली शाळा म्हणजे हॅकनी डाउन्स. १८७६ मध्ये सुरू झालेली मुलग्यांची शाळा, पुढे नावाजलेली ग्रामर स्कूल. नोबेल मिळवणारे नाटककार हॅरॉल्ड पिंटर इथलेच विद्यार्थी. १९६९ मध्ये ती कॉम्प्रिहेन्सिव्ह झाली. कागदावर दार सगळ्यांना उघडलं. पण हळूहळू ज्यांना दुसरा पर्याय होता ते पालक दुसरीकडे वळले. मुलं कमी झाली की पैसा कमी, पैसा कमी की शिक्षक टिकत नाहीत, आणि शिक्षक टिकले नाहीत की आणखी पालक निघून जातात. आपल्या भाषेत सांगायचं तर हा लूप आहे, आणि त्याला ब्रेक कंडिशनच नाही. १९९५ च्या शेवटी सरकारने शाळा बंद केली, तेव्हा तिथे दोनशेच्या आसपास मुलं उरली होती.

२००४ मध्ये त्याच जागी मॉसबोर्न कम्युनिटी अकॅडमी उघडली. उद्योजक क्लाइव्ह बोर्न यांनी त्यासाठी पैसे दिले आणि वडिलांच्या नावावरून शाळेला नाव दिलं. इमारत रिचर्ड रॉजर्स यांच्या फर्मची, इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराची. पाठ रुळांकडे, तोंड मैदानाकडे. मुख्याध्यापक मायकल विल्शॉ, एकदम कडक माणूस. गणवेश, वेळ, वागणूक, कशातच सूट नाही. २००९ मध्ये पहिल्या बॅचचा जीसीएसईचा निकाल लागला. ८० टक्क्यांहून जास्त मुलांना इंग्रजी आणि गणितासकट पाच विषयांत चांगल्या श्रेणी मिळाल्या. सगळे म्हणाले, बघा, शिस्तीची कमाल!

शिस्तीचा वाटा असणारच. पण मला इंटरेस्टिंग वाटते ती अ‍ॅडमिशनची सिस्टीम. मॉसबोर्नमध्ये प्रवेशाआधी एक टेस्ट असते. प्रवेश परीक्षा म्हटलं की आपल्या डोक्यात जेईई येते, वरचे आत आणि बाकीचे बाहेर. इथे तसं नाही. या टेस्टमध्ये पास-नापास नसतं. मार्कांनुसार अर्जदारांचे चार गट करतात आणि प्रत्येक गटातून मुलं घेतात. गटात जागा कमी पडल्या तर आधीपासून शिकणारी भावंडं, घराचं अंतर असे निकष लागतात. याला ‘फेअर बँडिंग’ म्हणतात. परीक्षा तीच, पण काम चाळणीचं नाही, मिक्सरचं. लोड बॅलन्सर लिहिलेल्यांना हे लगेच कळेल.

ही आयडिया नवीन नव्हती. लंडनच्या शाळा चालवणारं जुनं शिक्षण प्राधिकरण, आयएलईए, मुलांचे तीन गट करून ती शाळांमध्ये वाटायचा प्रयत्न करायचं. ते १९९० मध्ये बरखास्त झालं. म्हणजे हॅकनी डाउन्स बुडत होती त्या काळातही बँडिंग होतंच. मग फरक काय? बँडिंग तेव्हाच चालतं, जेव्हा चारही गटांतले पालक रांगेत उभे असतात. वरच्या गटातून अर्जच आले नाहीत, तर मिसळणार कोणाला? मॉसबोर्नकडे नवी इमारत होती, नवं नाव होतं. तिने सुरुवातही फक्त सातवीच्या वर्गापासून केली आणि दरवर्षी एकेक वर्ग वाढवला. त्यामुळे पालकांचा विश्वास बसला, रांग लागली, आणि लूप उलटा फिरला.

अर्थात सगळं गोड नाही. २०२४ च्या अखेरीस याच ट्रस्टच्या दुसऱ्या शाळेबद्दल, मॉसबोर्न व्हिक्टोरिया पार्कबद्दल, शिस्त मुलांना घाबरवते अशा पालकांच्या तक्रारी बातम्यांत आल्या आणि स्वतंत्र चौकशी सुरू झाली. निकाल चांगला आला म्हणून त्याची किंमत विचारायची नाही, असं होत नाही.

तर मंडळी, पुढच्या वेळी कुठल्याही शाळेचा किंवा कॉलेजचा ‘शंभर टक्के निकाल’वाला फ्लेक्स दिसला, की आउटपुटच्या आधी इनपुट विचारा. आत कोणाला घेतलं? आणि दारातून परत कोणाला पाठवलं? तुमच्या शाळेत चाळणी होती की मिक्सर, ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!