गटाच्या दप्तराची दुसरी प्रत



३१ मार्च म्हणजे आपल्या गटांचा वर्षाचा हिशोब मिटवायचा दिवस. हाच दिवस ‘वर्ल्ड बॅकअप डे’ म्हणूनही पाळतात. बॅकअप म्हणजे माहितीची दुसरी प्रत, मूळ प्रत गेली तर कामाला येणारी. आज आपण त्यासाठी लागणाऱ्या हार्ड डिस्कबद्दल बोलू.

पंचसूत्रीतलं पाचवं सूत्र आपल्याला पाठ आहे, नियमित लेखे. वह्या आपण लिहितोच. पण आता ठरावाच्या पानांचे फोटो, कर्जाची कागदपत्रं, प्रशिक्षणाचे व्हिडिओ, मालाचे फोटो, रेडिओसाठी केलेलं रेकॉर्डिंग, हे सगळं कुणातरी एकीच्या फोनमध्ये असतं. फोन हरवतो, बंद पडतो, नाहीतर पोरं खेळता खेळता सगळं पुसून टाकतात. २०१९ आणि २०२१ साली कृष्णा-पंचगंगेच्या काठच्या गावांत पाणी घराघरांत शिरलं, तेव्हा कपाटातले कागदही वाचले नाहीत.

सातबारा पुन्हा काढता येतो, बँकेचा उतारा पुन्हा मिळतो. पण सगळ्यांच्या सह्या असलेलं ठरावाचं पान पुन्हा मिळत नाही. आणि जात्यावरच्या ओव्या सांगणारी आजी गेली, की तिचा आवाज कुठल्याच कार्यालयात अर्ज करून मिळत नाही. म्हणून जे परत मिळणार नाही, ते आधी जपायचं.

आता डिस्क कोणती घ्यायची? दुकानात दोन प्रकार दाखवतात. साधी हार्ड डिस्क म्हणजे एचडीडी. तिच्या आत चकती फिरते. ती स्वस्त पडते, पण चालू असताना पडली किंवा धक्का बसला तर बिघडते. दुसरी एसएसडी. तिच्यात फिरणारं काही नसतं, ती लहान, हलकी आणि वेगवान असते, पण तेवढ्याच जागेला पैसे जास्त लागतात. शिवाय एसएसडी वर्षानुवर्षं न जोडता ठेवून दिली तर तिच्यातली माहिती जाऊ शकते. म्हणून आम्ही असं सांगतो: कपाटात ठेवायची असेल तर साधी हार्ड डिस्क पुरे. पिशवीत घालून गावोगाव न्यायची असेल तर एसएसडी घ्या. साधी घेतली तर २.५ इंची घ्या. ती लॅपटॉपच्याच विजेवर चालते, वेगळा प्लग लागत नाही.

किती मोठी? फोनचा एक फोटो साधारण ४ एमबीचा धरला, तर १ टीबीत अडीच लाख फोटो मावतात. ग्रामसंघाच्या कागदांना एवढी जागा भरपूर झाली. व्हिडिओ मात्र जागा खातात, ते जास्त असतील तर २ टीबीचा विचार करा. १ टीबीची डिस्क लॅपटॉपवर ९३१ जीबी दिसते. ती फसवणूक नाही. कंपनी हजाराने मोजते, संगणक १,०२४ ने मोजतो.

फसवणूक वेगळीच असते. ‘१६ टीबी फक्त काही शे रुपयांत’ अशी जाहिरात दिसली तर हात लावू नका. अशा नकली डिस्कमध्ये खरी जागा थोडीशीच असते. ती भरली की पुढच्या फाइली गेलेल्या दिसतात, पण उघडत नाहीत. तीन दुकानांची दरपत्रकं घ्या, ग्रामसंघाच्या नावाने पक्कं बिल घ्या, वॉरंटीची मुदत बिलावर लिहून घ्या. वॉरंटीत नवी डिस्क मिळते, आतली माहिती मिळत नाही, हेही ध्यानात ठेवा.

डिस्क फोनलाही जोडायची असेल तर दुकानातच ‘एक्सफॅट’मध्ये फॉरमॅट करून मागा. फॉरमॅट केल्यावर आतलं सगळं पुसलं जातं, म्हणून हे काम डिस्क कोरी असतानाच करायचं. ठरावाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. नेहमीसारखा पाठवला तर तो लहान होतो आणि बारीक अक्षर वाचता येत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. फोनमधले फोटो डिस्कवर टाकले आणि फोन रिकामा केला, तर ती दुसरी प्रत झाली नाही, फक्त जागा बदलली. डिस्कही एक दिवस बंद पडते. म्हणून शक्य असेल तर दोन डिस्क घ्या. नाहीतर एक प्रत डिस्कवर आणि एक ग्रामसंघाच्या लॅपटॉपवर ठेवा. आणि दोन्ही एकाच कपाटात नकोत. एक कार्यालयात, दुसरी उंचावरच्या वस्तीत राहणाऱ्या सदस्य ताईंच्या घरी, कोरड्या डब्यात.

आधार आणि पासबुकांचे फोटो असतील तर डिस्कला पासवर्ड लावून घ्या. हे बायांनी विश्वासाने दिलेले कागद आहेत. पासवर्ड अध्यक्ष आणि सचिव दोघींकडे हवा. तो विसरला तर आतलं काही हाती लागत नाही.

डिस्क काढताना आधी ‘इजेक्ट’ करा, दिवा लुकलुकत असताना ओढू नका. दर महिन्याच्या बैठकीनंतर नवे कागद तिच्यावर घ्या आणि त्यातल्या दोन-चार फाइली उघडून बघा. उघडली ती फाइल आपली.

येत्या बैठकीत एवढा एकच विषय घ्या: आपल्या गटाचं काय काय पुन्हा मिळणार नाही? त्याची यादी करा, कुणाच्या फोनमध्ये काय आहे ते पुढे लिहा, आणि डिस्कची जबाबदारी कुणाकडे, याचा ठराव करा. त्या ठरावाचाही फोटो काढायला विसरू नका.